घरात कोणी नाही

"आई, मी दार उघडतो तेव्हा रोज गरम चहा कसा तयार असतो गं?" स्टुटगार्टच्या बर्फातून आलेल्या मुलाने बूट काढत विचारलं.

आईने कप त्याच्या हातात दिला आणि खिडकीखालच्या हीटरकडे बोट दाखवलं. "तो कुर्रर्र करतो आणि तापायला लागतो. म्हणजे तू स्टेशनवर उतरलास. मग मी आधण ठेवते."

त्याला हसू आलं, जरा अभिमानही वाटला. हीटरवरचे ते स्मार्ट व्हॉल्व्ह त्याने किती वेबसाइट पालथ्या घालून निवडले होते! घरातले मोबाइल बाहेर पडले की हीटर बंद, मोबाइल घराजवळ आले की पुन्हा सुरू. रिकामं घर उगाच कशाला तापवायचं?

मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. साडीवर दोन स्वेटर, पायात त्याचेच लोकरीचे मोजे, बोटं गारठून लाल झालेली. ॲपला त्याचा आणि बायकोचा, असे दोनच मोबाइल जोडलेले होते. त्याने ॲप उघडलं. सकाळपासून एकच ओळ दिसत होती: 'घरात कोणी नाही.'

"आई, दिवसभर कुडकुडत बसतेस आणि बोलली का नाहीस?"

"तुम्ही गेलात की तो बंद पडतो. मला वाटलं, एकट्या माणसासाठी इथे लावत नसतील."

त्याने कप खाली ठेवला. "तुझा मोबाइल दे. तोही जोडतो. आता घर दिवसभर उबदार राहील."

मोबाइल देता देता तिचा हात थबकला.

"मग तू जवळ आलास, हे मला कसं कळायचं?"