मोठ्या सीएकडे

सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर नानांनी फंड काढला आणि आयकराचं काम कौतुकानं सुनेकडे सोपवलं. स्नेहलनं सिन्नरला करसल्लागाराचं ऑफिस नुकतंच थाटलं होतं. पण फंडाची रक्कम दाखवायला लागणारा रिटर्नचा फॉर्म तिच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून आलाच नव्हता. “पुढच्या आठवड्यात येईल,” असं सॉफ्टवेअरवाले दरवेळी सांगत. तेच ती घरी सांगे. नाना नुसतं “हं” म्हणत. आज तर ते कागदांची पिशवी घेऊन नाशिकच्या मोठ्या सीएकडे गेल्याचं सासूबाईंकडून कळलं. दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी नाना थेट तिच्या ऑफिसात आले. “त्याच्याकडं बी तो फॉर्म नाय. पुढच्या आठवड्यात या म्हणला.” स्नेहलच्या जिवात जीव आला. हसू दाबत तिनं विचारलं, “मग जाणार, नाना?” “नाय. तिथं पाणीसुद्धा विचारलं नाय. तू चहा सांग.”