आजची गोळी

स्वयंपाकघरातलं यंत्र रोज सकाळी बाबांच्या रक्ताचा थेंब तपासून त्या दिवसापुरती कर्करोगावरची गोळी बनवत असे. औषधी रसायनशास्त्र शिकणारी शाल्मली ती बाबांना देण्याआधी यंत्राच्या पडद्यावर गोळीतला रेणू न्याहाळायची. आज त्यात गाठीला रोखणारं काहीच नव्हतं. होतं ते नुसतं वेदनाशामक. तिने पुन्हा थेंब घेतला. यंत्राने तीच गोळी दिली.

“आज रंग वेगळा दिसतोय,” बाबा म्हणाले.

“हिने दुखायचं थांबेल.”

“आणि गाठ?”

शाल्मलीला खोटं बोलवेना. “गाठीवर आता औषध उरलं नाही, बाबा.”

बाबांनी गोळी गिळली. “मग आज कॉलेज बुडव. भाट्याच्या समुद्रावर जाऊ.”

कित्येक महिन्यांनी बाबा वाळूतून भराभर चालत होते. शाल्मलीच मागे पडत होती.