अंगण वाकडं

आठही जणांनी एकदम रेटा दिला आणि यंत्र तसूभरही हललं नाही.

"पुन्हा!" प्रशिक्षक ओरडले.

पुन्हा तेच. आठ जण वाकलेले, खांद्यात खांदे अडकवलेले, बुटांचे खिळे मातीत रुतलेले. समोर गाद्या लावलेला लोखंडी सांगाडा. रग्बीत समोरच्या संघाच्या आठांना असंच वाकून रेटायचं असतं, त्याचा सराव या यंत्रावर करायचा. खालच्या पट्ट्यांवरून ते घसरत पुढे जायला हवं. या यंत्राच्या पट्ट्या गवतात पार बुडाल्या होत्या. तेवढं गवत कापायलाही इथे कुणाला सवड नव्हती.

प्रशिक्षकांनी वहीत तारखेपुढे शून्य लिहिलं. त्याच्या वर चार महिन्यांची शून्यं होती.

वर्षानुवर्षं त्यांनी एकच रड लावली होती: देशाची पुढची फळी भक्कम करा. चेंडूच हाती आला नाही तर मागचे धावणारे काय वारा घेऊन धावणार? पण फोटो छापून येतात ते धावणाऱ्यांचे. वाकलेल्यांचं काय छापायचं, पाठी? गेल्या वर्षी आपले आठ जण मागे सरकत सरकत स्वतःच्याच गोलरेषेपलीकडे गेले, तेव्हा कुठे संघटनेचे डोळे उघडले आणि हे यंत्र मिळालं.

आलं त्याच दिवशी सचिवांनी फोटो काढून ते गोदामात टाकायचं ठरवलं. प्रशिक्षक भडकले. मैदानाच्या माळ्याला त्यांनी बजावलं, "कुणी का येईना, हे इथून हलता कामा नये." माळी शब्दाला जागणारा. यंत्र तिथेच राहिलं.

त्यानंतर एकही सामना नव्हता. नुसता सराव. आणि पुढच्या आठवड्यात पात्रता सामना. हरलो तर चार वर्षं घरी.

फळीतला सगळ्यात थोरला, ज्याला सगळे खांब म्हणत, घाम पुसत जवळ आला. तो गोदामात सिलिंडर उचलायचा. चौतिशी उलटलेली, म्हणजे ही शेवटची संधी.

"सर, एक बोलू? हे यंत्र ढकलतोय असं वाटतच नाही. जमीनच ढकलतोय असं वाटतं."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

"तसं नाही, सर..."

"मग कसं? चांगले संघ हेच यंत्र मैदानभर फिरवतात. तुम्ही त्याला मिठी मारून उभे राहता!"

खांब परत फळीत जाऊन वाकला. उलट बोलायची त्याची रीत नव्हती.

प्रशिक्षक तरातरा खोलीत गेले. दारात माळी उभा, हात कोपरापर्यंत पांढुरके.

"साहेब, सिमेंट संपलं. पुन्हा मागवायला लागेल."

"सिमेंट? इथे माझी फळी ढासळलीय आणि तुम्हाला प्रेक्षकांच्या पायऱ्यांची डागडुजी सुचतेय?"

माळी काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात फोन वाजला. सचिव होते.

"संघाची यादी बारापर्यंत. एकदा आली की नाव बदलत नाही, आधीच सांगतो."

"बदलायचं ते आत्ताच बदलतोय," प्रशिक्षक म्हणाले.

त्यांनी यादी पुढ्यात ओढली. आपण इतकी वर्षं घसा फोडून मागितलं ते या मातीत उगवतच नाही, ही गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. खांबाचं नाव खोडलं. त्याच्या शेजारच्या दोघांचीही खोडली. जागी तीन सडपातळ, चपळ पोरं घातली. रेटायचंच नाही. चेंडू उचलायचा आणि पळायचं. बारा वाजायला सात मिनिटं असताना यादी गेली.

खांबाला त्यांनी स्वतः सांगितलं. तो खाली बसून बुटांची नाडी सोडू लागला.

"चार महिने पोरीला खांद्यावर घेतलं नाही, सर. इतके दुखतात. आता घेईन." त्याने बूट पिशवीत टाकले आणि तो फाटकाकडे चालू लागला.

प्रशिक्षकांनी वळून पाहिलं. माळी यंत्रापाशी गुडघ्यांवर बसून गवताचा थर बाजूला करत होता. शेजारी थापी आणि घमेलं.

"अहो, पायऱ्या तिकडे आहेत!"

"पायऱ्यांना काय धाड भरलीय? मी याचंच म्हणत होतो सकाळी."

"याला सिमेंट कशाला?"

"कशाला म्हणजे? हलता कामा नये, तुम्हीच म्हणाला होतात. आलं त्याच रात्री पट्ट्यांसकट चारी पाय हातभर खोल गाडून टाकले." माळ्याने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि वैतागून फाटकाबाहेर जाणाऱ्या खांबाकडे बोट दाखवलं. "पण ही माणसं आहेत का रेडे, साहेब? पाया तीनदा तडकवला त्यांनी!"