बिनबुडाचे पेले

पेला टेबलावर ठेवला की कलंडत होता. लेकीने तो पुन्हा सरळ केला, तो पुन्हा आडवा झाला.

"उभा राहायचाच नाही तो," उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या. "बूडच गोल आहे. आत जाळ फिरवून पाठीवर चिकटवायचा असतो, दुखरी जागा ओढून धरायला. पाणी प्यायला नाही."

जाड काचेचे, तोंडाशी आवळलेले हे पेले आईच्या कपाटात जुन्या टॉवेलात गुंडाळून एका पिशवीत ठेवलेले सापडले होते. लेकीला वाटलं, कुठल्यातरी दिव्याच्या काचा असतील. पिशवीवर या जागेचं नाव छापलेलं होतं, म्हणून ती शोधत आली. खोलीत स्पिरिटचा वास होता. तोंडाच्या जागी भोक असलेला उंच पलंग, आणि भिंतीवर माणसाचं चिनी चित्र. त्याच्या अंगभर रेघा आणि ठिपके.

आई गेली, हे तिने दारातच सांगितलं होतं. बाईंनी हातातला कापूस बरणीत परत टाकला आणि झाकण लावायला बराच वेळ घेतला.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं अंग पुसायला नर्सने आईला कुशीवर वळवलं, तेव्हा लेकीने ते पाहिले होते. उजव्या खांद्याच्या मागे, मानेपर्यंत चढत गेलेले गोल, जांभळे डाग. डॉक्टर म्हणाले होते, दुखणं पोटातलं, आणि बरंच जुनं असावं. पाठीचं कुणी काही बोललंच नव्हतं. आता डोळे मिटले की लेकीला ती पाठ दिसायची. आईला तिथेही दुखत होतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. कधीपासून? रात्री झोप तरी लागत होती का? घरी नाही, निदान इथे तरी ती बोलली असेल.

"पाठ तिची ठणठणीत होती," बाई म्हणाल्या.

"मग ते डाग?"

"ते तुझे."



मग बाईंनी सांगितलं ते असं. आई पहिल्यांदा आली ती उजवा खांदा दाखवत. इथे दुखतं, मान वळत नाही. बाईंनी अंगठा फिरवून पाहिला तर स्नायू लोण्यासारखा मऊ. खरं सांगा, म्हटल्यावर ती हसायला लागली. दुखणं परगावी राहणाऱ्या लेकीचं होतं. दिवसभर स्क्रीनसमोर, कान आणि खांद्यात फोन दाबून, आणि डॉक्टरकडे जा म्हटलं तर वेळ नाही. आमच्या बाईसाहेबांची मान आधीच ताठ, त्यात आता दुखतेय, असं आई लेकीबद्दल म्हणायची. तिला पेले लावायला शिकायचं होतं. पण बाईंच्या गुरूंची अट होती आणि तीच त्यांनी पुढे चालवली होती. दुसऱ्याच्या पाठीवर जे करायचं, ते आधी स्वतःच्या पाठीवर सोसायचं. त्याशिवाय ओढ किती द्यायची ते हाताला कळत नाही. म्हणून आई येईल तेव्हा आधी पालथी व्हायची, लेकीला दुखायचं त्या जागेवर पेले लावून घ्यायची, आणि मग बाईंच्या पोटरीवर हात बसवायची. जाळाला फार घाबरायची. एकदा बोट भाजून घेतलंन, आणि वर बाईंनाच म्हणाली, फी परत द्या.

लेकीला त्या बोटावरची पट्टी आठवली. गरम भांडं लागलं, असं आईने तिला व्हिडिओ कॉलवर दाखवून सांगितलं होतं.

"शेवटचं आली तेव्हा म्हणाली, आता जमतंय. पोर सुट्टीला आली की धरून लावते." बाईंनी कलंडलेला पेला उचलून पुसला. "तेव्हाच मी तिला हे दिले."

सुट्टीच्या आधी हॉस्पिटल आलं होतं.

"आणि तिचं स्वतःचं काही? पोटाचं?"

"विचारलं तर म्हणायची, माझं काय धरून बसलात, माझं वयच झालं. की लगेच तुझ्यावर यायची." बाईंनी पलंगावर स्वच्छ चादर टाकली. "झोप. इथवर आली आहेस तर."

लेक पालथी झाली. बाई सवयीने खाली वाकल्या, पलंगाखालून एक छोटी मऊ उशी काढून तिच्या पोटाखाली सरकवू लागल्या, आणि मध्येच थांबल्या.

"ही कशाला?"

"तुझी आई मागून घ्यायची. उशीशिवाय पालथं झोपवत नव्हतं तिला." बाईंचा आवाज खाली आला. "मला वाटलं, असते एकेकाला सवय."

बाईंनी उशी काढून घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या," लेक म्हणाली.

पेटलेल्या कापसाची ऊब पाठीशी आली. डाग पडतील, बाई म्हणाल्या, घाबरू नकोस, आठवड्याभरात जातात.

"आईचे नाही गेले."

कुठे दुखतं ते बाईंनी विचारलं नाही. आईचा पेला थेट त्या जागी बसला, मग त्याच्या वर दुसरा, मानेच्या कडेला तिसरा. कातडी आत ओढली गेली. पलंगाच्या भोकातून फरशीचा एक तुकडा दिसत होता, कोपऱ्याला टवका उडालेला. आई हाच टवका बघत पडून राहत असणार. मागून जणू कुणीतरी पाठ चिमटीत धरली होती आणि सोडत नव्हतं.

मग बाईंनी काचेच्या कडेला बोट दाबून एकेक पेला सोडवला. बारीकसा आवाज होई आणि पकड सुटे. शेवटचा निघाला तेव्हा लेक म्हणणार होती, राहू द्या अजून थोडा वेळ.

"ऊठ. मान वळव बघू."

ती उठून बसली. उशी तिने पोटाशी धरली होती. मान डावीकडे वळली, उजवीकडे पार भिंतीवरच्या चित्रापर्यंत वळली.

"आता कुठे दुखतंय का?"

लेकीने पुन्हा वळवून पाहिली. मग पुन्हा, हळूहळू, कुठे थोडं तरी राहिलंय का ते चाचपत.