ज्ञानूच्या हातचं परत येत नाही

"पटायचं न्हाय तुमास्नी, पण ऐका. बेचाळीस वर्सांत माझ्या हातचं एकबी कास्टिंग परत आलेलं न्हाय," ज्ञानू म्हणाला आणि त्यानं चहाची बशी तोंडाला लावली.

विजयसिंहांनी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. म्हातारा साचे भरण्यात देवमाणूस, पण जिभेला हाड नाही. त्याला ऑफिसात बोलावलं, ही आपलीच चूक, असं त्यांना वाटून गेलं.

समोर पुण्याच्या पंप कंपनीच्या ऋता मॅडम बसल्या होत्या. कंपनी नवा कारखाना काढणार होती. एक तर इथं उचगावात, विजयसिंहांच्या फौंड्रीला लागून. नाहीतर सरहद्दीपलीकडच्या राज्यात, समुद्रकाठी. संध्याकाळी मॅडम पुण्याला फोन करणार, की निकाल लागला. फौंड्रीचं मोठं गिऱ्हाईक गेल्या वर्षीच तुटलेलं. हा कारखाना हातचा गेला, तर दसऱ्याच्या आत भट्टी विझणार आणि चाळीस माणसं घरी बसणार. ज्ञानूला हे ठाऊक होतं. तरी बशी फुर्र वाजतच होती.

मॅडमनी काही लपवलं नाही. पलीकडच्या राज्यानं त्यांना बंदर दाखवलं होतं, धक्क्याला लागलेली जहाजं दाखवली होती. जागा रस्त्याला लागून, वीज स्वस्त, सगळे परवाने एकाच टेबलावर, तेही महिन्याच्या आत. वर त्यांचे साहेब स्वतः गाडीचं दार उघडायला उभे. विजयसिंह म्हणाले, समुद्र आपल्यालाही आहे की, घाट उतरला की कोकण. त्यावर मॅडमनी शांतपणे विचारलं, की ऐन पावसात घाट बंद पडला तर परदेशी जायचा माल कुठं ठेवायचा? 

उत्तर ज्ञानूनं दिलं.

"समुद्र काय भट्टीत वतायचाय व्हय? बंदर हाय, वीज हाय, जमीन हाय. समदं हाय. पर हात कुठनं आणणार?"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. परत आलेलं कास्टिंग तुमच्याच हातचं, हे कळणार तरी कसं, असं त्यांनी विचारलं. ज्ञानूला तेच पाहिजे होतं. त्यानं खिडकीतलं पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं ओतीव कवच, उचलून उलटं केलं. पायाच्या आतल्या अंगाला, सहज दिसू नये अशा जागी, नखाएवढी चंद्रकोर उठली होती आणि तिच्याशेजारी एक टिंब. इथली जुनी रीत होती ती. साचा मिटायच्या आधी मोल्डर खिळ्यानं वाळूत आपली खूण कोरतो. माल फसला, तर कुणाचे कान धरायचे ते कळतं.

"माझी ही खूण. आता तर हात आपसूक जातोय. झोपंतनं उठवून साचा भराय लावला, तरी चंद्रकोर निघायचीच."

मग त्यानं दुसरी कथा सोडली. तिकडची माणसं म्हणे त्याच्या दारात गाडी घेऊन आली होती, दुप्पट पगार देतो म्हणत होती. त्यानं त्यांना तांबडा रस्सा वाढला आणि नाकाडोळ्यांतनं पाणी काढून परत धाडलं.

"ह्यो पाय सरहद्दीपल्याड पडायचा न्हाय, म्हटलं. मालकास्नी इचारा."

विजयसिंहांनी मान डोलावली. रश्श्याचं देव जाणे, पण बाकीचं खरं होतं. ज्ञानू कुठं जात नसे. माघात तेवढा आठ दिवस उसाच्या रानातल्या बिद्रीला लेकीकडं, क्रांतीकडं, जाऊन आला. येताना सगळ्या खात्याला सुके बांगडे वाटले. बिद्रीच्या बाजाराला तोड न्हाय, म्हणाला होता.

"हाताचाच प्रश्न होता, मामा," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर मी तिकडच्या लोकांना नमुना मागितला."

त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. त्यानं गोणपाटात गुंडाळलेलं केसिंग आणून टेबलावर ठेवलं. वर करड्या रंगाचे दोन जाड हात दिलेले.

विजयसिंहांनी त्यावर हळूच हातोडी मारली. घंटेसारखा आवाज आला. त्यांनी आत बोट फिरवलं. जाडी सगळीकडं सारखी, कुठं भोक नाही, की वाळूचा खडा नाही.  असा माल फक्त आपल्याच छपराखाली निघतो, असं त्यांना आजवर वाटत होतं.

"पुण्यात सगळे म्हणतात, बंदर तिथं आहे आणि हातही तिथं आहे," मॅडम म्हणाल्या. "ह्या एका नगानं पारडं तिकडं झुकलंय. हा नसता, तर मी इथंच सही केली असती."

विजयसिंहांनी ज्ञानूकडं पाहिलं. दुसऱ्याच्या कास्टिंगला नावं ठेवायची, तर अख्ख्या उचगावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पंचवीस पावलांवरनं खोट काढायचा. आज मात्र तो बशीच्या तळाकडं बघत होता.

"बरं हाय की," तो पुटपुटला. "जातो मी, मालक. वाळू भिजत घातलीया."

"बसा," विजयसिंह म्हणाले. म्हातारासुद्धा हरला, तर आता काय उरलं? खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं. "मॅडम, माल चांगला आहे. ह्याहून चांगला मी देईन, असं म्हणणार नाही."

मॅडमनी मान हलवली आणि फोन बाहेर काढला.  मग त्यांची नजर खाली मान घातलेल्या ज्ञानूवर गेली. त्यांनी फोन बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी केसिंग उलटं केलं आणि गाडीच्या किल्लीनं पायाच्या आतल्या अंगाचा रंग खरवडायला लागल्या. करड्या रंगाचे पापुद्रे टेबलावर पडले. त्यांनी फुंकर मारली, खाली उठलेल्या नखाएवढ्या खुणेवरनं बोट फिरवलं आणि ते केसिंग हळूच ज्ञानूपुढं सरकवलं.

"मामा," त्या म्हणाल्या, "एक परत आलंय."