हवेला वाट

नोएडातल्या कारखान्याच्या अंगणात ती पिवळी, कोरी होडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली होती आणि तिच्या टाकीत डिझेल काही केल्या जात नव्हतं. कामगार हातपंपाचा दांडा चारदा खाली-वर करी, टाकी गुटगुट करी, मोठ्ठा ढेकर देई आणि घोटभर डिझेल त्याच्याच बाहीवर उलटं फेकी. तीस लिटरची टाकी. अर्धा तास झाला तरी निम्मीही भरली नव्हती.

दहा पावलांवरच्या बाकावर सूर्यकांत मांडीवर डबा घेऊन बसले होते. मुलगी, देविका, सकाळी डबा घरीच विसरली होती. सूर्यकांत म्हणजे हर्णै बंदरातले जुने नाखवा, तीस वर्षं स्वतःची होडी हाकलेले. जिथून समुद्र गाठायला दीड दिवस रेल्वेत बसावं लागतं, तिथं मासेमारीच्या होड्या बनवतात याचं त्यांना एरवी हसू येई. आज आलं नाही. या होडीची टाकी आणि तिच्या नळ्या देविकानं आखल्या होत्या, आणि माल बघायला अलिबागकडच्या मच्छीमार सोसायटीचे राजाभाऊ स्वतः आले होते. पसंत पडली तर अशा चाळीस होड्या घेणार होते.

"मॅडम, गड़बड़ आपकी ड्रॉइंग में ही है," मालक भसीनसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले. त्यांच्या कमरेचा नवा पेजर वाजला, पण त्यांनी तो बघितलाही नाही.

देविका खाली मान घालून पुन्हा एकदा पंपच तपासत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रडू दाबलं की लहानपणापासून तिचं असंच होई.

त्यांना दोष पहिल्या ढेकरालाच कळला होता. टाकीतली हवा बाहेर सोडणारी बारीक नळी होडीतल्या बसायच्या फळीखालून नीटनेटकी लपवून नेली होती, आणि मध्येच ती झोळीसारखी लोंबत होती, हे त्यांनी आल्या आल्या होडी न्याहाळताना पाहिलं होतं. त्या झोळात डिझेल साचलं की हवा अडली. आतली हवा बाहेर जाणार नाही तर डिझेलला जागा कुठून होणार? सगळं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी जीभ चावली. एवढ्या पुरुषांत ही एकटी बाई इंजिनीअर. आता बाप उठून सांगायला गेला, तर उद्यापासून लोक म्हणणार, मॅडमचं अडलं की बापाला बोलवा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

शेवटी ते उठले. "बाय, दोन घास खाऊन घे."

"बाबा, प्लीज. आत्ता नको."

"दोनच. मग जा."

ती चडफडत आली. त्यांनी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली आणि होडीकडे पाठ करून, मासळीचा भाव विचारावा तशा आवाजात विचारलं, "आपल्या होडीत कॅननं डिझेल ओतायचो, तेव्हा नरसाळं कोण धरायचं गं?"

"मी. का?"

"कसं धरायचीस?"

"बोटभर उचलून. घट्ट बसवलं की तुम्ही ओरडायचात."

"कशापायी ओरडायचो?"

"हवा अडते म्हणून. हवा बाहेर गेली नाही की डिझेल..."

घास तोंडातच राहिला. ती वळली आणि धावत जाऊन फळीखाली वाकली. लोंबणारी नळी ओढून काढली, साचलेलं डिझेल झटकलं, जादा तुकडा कापला आणि नळी सरळ वर, होडीच्या काठापर्यंत चढती बांधून टाकली.

"अब चलाओ, भैया."

टाकीनं एकदाही ढेकर दिला नाही. राजाभाऊंच्या हातातला चहा संपायच्या आत ती काठोकाठ भरली. भसीनसाहेब "अरे वाह!" म्हणाले आणि मघाचं बोलणं आपलं नव्हतंच अशा थाटात राजाभाऊंना होडीचे गुण सांगू लागले.

राजाभाऊ मात्र रिकामा ग्लास घेऊन बाकाशी आले. सूर्यकांतांच्या तळहातांवर दोरखंडानं पडलेल्या घट्ट्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "नाखवा का?"

"होतो."

"मग तुम्हीच सांगितलंत तिला."

"छे हो!" सूर्यकांत म्हणाले. "मी आपला इंजिनीअरबाईंचा डबा घेऊन आलोय."

तीस वर्षं नाखवा म्हणवून घेताना कधी आली नव्हती, एवढी ऐट त्यांच्या आवाजात होती.