काचेवरची वाफ

बाबांच्या गाडीचं वीतभर लांबीचं मॉडेल मी तीन महिने रंगवत होतो. तोच फिकट हिरवा रंग, डाव्या दिव्याखाली तोच ओरखडा. एका थंडीतल्या सकाळी बाबांनी काचेवरची वाफ आतून अंगठ्याने गोल पुसली, त्यातून रोजच्यासारखा आम्हा भावंडांना डोळा मिचकावला आणि ते कामाला गेले. पुढे ना गाडी सापडली, ना बाबा.

मॉडेल बघायला ताई आली, तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूची काच धुरकटलेली होती.

"सुपरग्लू वापरलास ना? त्याच्या वाफेने काच खराब होते, हे काय मी सांगायचं तुला?" ताई वैतागली. "धीर म्हणून नाही!"

"तो डाग एकदा बसला की जात नाही, ताई. हा येतो आणि जातो. बघ तूच."

चष्मा कपाळावर सरकवून ती टेबलावर वाकली. भर दुपार होती, पंखा चालू होता. काच स्वच्छ झाली. मग हळूहळू पांढरी झाली. पुन्हा स्वच्छ.

"आपलाच श्वास लागत असेल," असं म्हणत तिने तोंडावर हात धरला. मीही श्वास रोखला.

काच पांढरी होतच राहिली. फक्त आता जरा भरभर.

मग त्या वाफेत तिळाएवढा गोल पुसला गेला. आतून.

ताईने माझं मनगट घट्ट धरलं. "दारं उघडतात ना रे याची?"

"नाही," मी म्हणालो. "कालच चिकटवली. चारही."